अंमल

दसरा झाला की आमच्या घरी साफसफाईची लढाई सुरू होते. गंजलेले डबे, मोडक्या छत्र्या आणि माझे कागद हे तिन्ही पदार्थ आमच्या सौभाग्यवतींच्या लेखी एकाच जातीचे. यंदाही माझी पत्र्याची ट्रंक अंगणात आली आणि ‘यातले काय ठेवायचे ते आत्ताच सांगा’ असा निर्वाणीचा खलिता निघाला. मी शाळेत गेली वीस-बावीस वर्षे चित्रकला शिकवतो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे ट्रंकेत कादंबऱ्यांची बाडे थोडी आणि मुलांच्या चित्रवह्या फार. चाळता चाळता एक वही हाती आली आणि माझी साफसफाई तिथेच थांबली.

वही नववीतल्या एका मुलाची. पहिल्या पानावर तांब्या-भांडे. तांब्याच्या गळ्याची रेघ अशी की, एका श्वासात ओढलेली. पुढे सात-आठ पानांनी तोच तांब्या पुन्हा आला आहे. पण आता रेघ तुटते आहे, थरथरते आहे. आणखी पुढच्या पानावर तांब्याचे तोंड एकावर एक इतक्या वेळा गिरवले आहे की कागद फाटायच्या बेतात आला आहे. त्या पानाखाली लाल शाईत माझा शेरा आहे : ‘घाई नको. दहापैकी सहा.’

त्या मुलाला घाई झालेली नव्हती. त्याला काय झाले होते ते मला दीड वर्षाने कळले. तेही पोलीस चौकीतून आलेल्या त्याच्या वडिलांकडून. वाचकहो, सणाच्या दिवशी असली गोष्ट काढल्याबद्दल क्षमा करा. पण फराळाच्या ताटाभोवती सारे घर एकत्र बसते ते याच चार दिवसांत, आणि मला जे सांगायचे आहे ते साऱ्या घरानेच ऐकावयाचे आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इतिहासाचार्य म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. तरी त्या मुलाच्या प्रकरणानंतर मला एका प्रश्नाने पछाडले : डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला दिसली कशी नाही? आणि ती न दिसणारा मी पहिलाच का? हा प्रश्न घेऊन मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागलो. ही संस्था १८४० सालची. ज्या काळाची पुस्तके मी तिथे मागत होतो, त्याच काळात तिचा जन्म झालेला.

आम्ही राहतो इंदिरानगरात. गच्चीवर उभे राहिले की एका अंगाला पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो आणि दुसऱ्या अंगाला मुंबई-आग्रा महामार्ग रात्रंदिवस घरघरत असतो. आमच्या भागाला शहराशी जोडणारा बोगदा याच रस्त्याच्या पोटातून जातो. त्या बोगद्यातल्या गर्दीला शिव्या देणे हा इंदिरानगरकरांचा नित्यनेम. जुनी माणसे या रस्त्याला अजून ‘आग्रा रोड’च म्हणतात. माळवा आणि मुंबई यांना जोडणारी ही वाट. आणि माळव्यातून मुंबईला काय जात असे? धान्य, कापूस, आणि एकोणिसाव्या शतकात ज्याच्यावर सरकारची तिजोरी भरली तो माल, अफू.

बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यात होती. माळवा मात्र शिंदे-होळकरांचा मुलूख. तिथल्या अफूवर कंपनीची मालकी चालेना. मग कंपनीने युक्ती काढली. १८३० साली परवान्याची पद्धत आली. कंपनीच्या मुलखातून थेट मुंबईस येणाऱ्या दर पेटीमागे १७५ रुपये द्यावे आणि खुशाल जावे. पेटी म्हणजे सुमारे १४० पौंड, आजच्या मापाने साधारण त्रेसष्ट किलो. पण व्यापारी काय कमी हुशार? ते राजपुताना, सिंध, कराची असा लांबचा वळसा घालून माल पोर्तुगीजांच्या दमणला नेत आणि तेथून चीनला पाठवीत. तेव्हा १८३५ मध्ये कंपनीने कर १२५ वर आणला. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती पडला, ती आडवाट बंद झाली, आणि लगेच कर चढू लागला. १८४७ मध्ये तो पेटीला ४०० रुपये झाला होता. रस्ता एकच उरला की नाकेदार भाव वाढवतोच.

हा माल मुंबईहून गलबतांत चढून चीनला जाई. या व्यापाराने मुंबई श्रीमंत झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या अफाट संपत्तीत चीनच्या व्यापाराचा, आणि त्यात अफूचाही, मोठा वाटा होता. आणि त्यांच्याच दानातून १८४५ मध्ये मुंबईत ते रुग्णालय उभे राहिले, जिथे आजही गरीब माणूस उपचार घेतो. मी हे निंदेसाठी लिहीत नाही. त्या काळी बहुतेकांच्या दृष्टीने अफू हा एक माल होता, आणि औषधही होते. खोकला, हगवण, सांधेदुखी, निद्रानाश, साऱ्यांवर अफू. जो पदार्थ दुकानात उघड मिळतो, ज्यावर सरकार कर घेते आणि जो वैद्य स्वतः देतो, त्याची लक्षणे शोधायला कोण जाणार?

आपल्या भाषेत एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे : ‘अंमल’. राज्यकर्त्याचा अंमल आणि नशेचा अंमल यांना मराठीत एकच शब्द. ‘अमलदार’ आणि ‘अमली’ ही एकाच घरची भावंडे. ज्याने प्रथम हा शब्द दोन्हीकडे वापरला, त्याने माणूस आत बसलेल्या दुसऱ्या राजाच्या ताब्यात जातो हे पाहिले असले पाहिजे. फरक एवढाच की बाहेरचा राजा दवंडी पिटून येतो. हा दवंडी पिटीत नाही.

१८९३ साली विलायतेत अफूविरुद्ध ओरड वाढली. पार्लमेंटात प्रश्न निघाले. एकाच वर्षात दोन मंडळे नेमली गेली. अफूसाठी शाही मंडळ, आणि गांजा-भांग-चरस यांच्यासाठी निराळे. अफूच्या मंडळाने १८९५ मध्ये निवाडा दिला, त्याचा मथितार्थ असा की हिंदुस्थानात अफूवर सरसकट बंदीची गरज नाही. चीनशी चाललेला व्यापार थांबायला पुढे १९०७ चा करार आणि १९१३ साल उजाडावे लागले. पण मला खिळवून ठेवले ते दुसऱ्या, गांजाच्या मंडळाने. सात सभासद, त्यांपैकी तीन हिंदी. अकराशे त्र्याण्णव साक्षी. आपला अहमदनगर आणि खानदेश हे गांजाच्या लागवडीचे भाग, त्यामुळे या चौकशीत आपल्या मुलखाचाही संबंध होता.

त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत प्रत्येक रोग्याची नोंदवही असे आणि तीत एक रकाना असे : ‘वेडाचे कारण’. शेकडो रोग्यांपुढे त्या रकान्यात ‘गांजा’ असे लिहिलेले होते. त्यावरून गांजाने माणूस वेडा होतो असा सरकारी समज पक्का झालेला. मंडळाने विचारले, हा रकाना भरतो कोण? चौकशीअंती निघाले ते असे की, रोग्याला पकडून आणणारा पोलीस किंवा कचेरीतला कारकून तो भरतो. वेड्याला नातलग नाही, गाव ठाऊक नाही. रकाना तर कोरा ठेवता येत नाही. मग लिहा ‘गांजा’! मंडळाने १८९२ या एका वर्षातल्या रोग्यांची एकेक करून पुन्हा चौकशी करविली. गांजाच्या नावावर टाकलेले रोगी होते २२२. नीट तपासल्यावर गांजाशी काही संबंध मानता येईल असे उरले ९८.

हे आकडे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहात बसलो. कारण असा एक रकाना मीही भरलेला होता.

झाले होते असे. आमच्या वर्गात एक मुलगा नेहमी पेंगत असे. डोळे लाल, कपडे चुरगळलेले, कधी कधी बोटांना हिरवट-काळे डाग. शाळेत नुकतेच व्यसनमुक्तीवर भाषण झाले होते आणि लक्षणांची यादी माझ्या खिशात ताजी होती. मी यादी पाहिली, मुलगा पाहिला आणि निकाल लावला. सर्वांदेखत त्याचे दप्तर उपसले. वडिलांना बोलावून घेतले. वडील आले ते थेट कामावरून. आणि शांतपणे म्हणाले, ‘सर, आमचा फुलांचा धंदा. पोरगा रोज पहाटे तीनला माझ्याबरोबर बाजारात असतो. झेंडूचं डेख खुडून बोटं अशी होतात.’ मुलगा खाली मान घालून उभा होता. दप्तरातून निघाल्या होत्या दोन चपात्या आणि माझ्याच विषयाची वही. पुढे दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता. पण माझ्याशी आपणहून एक शब्द बोलला नाही.

त्या अपमानाचा माझ्यावर उलटा परिणाम झाला. मी ठरविले, पुन्हा म्हणून संशय घ्यायचा नाही. आणि त्याच काळात तुटक्या रेघेचा तो दुसरा मुलगा माझ्यासमोर बसलेला होता.

पण त्याच्याकडे वळण्याआधी माझ्या पणजीची गोष्ट सांगितली पाहिजे.

पणजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिची गोष्ट मी आजीच्या तोंडून ऐकली. त्या काळात गिरणीत बायका हजारोंनी काम करीत. सकाळी भोंगा होई. तान्हे मूल घरी ठेवायचे कोणाजवळ? चाळीतल्या एका दहा बाय दहाच्या खोलीत म्हातारी असली तर असली, नाहीतर शेजारीण. यावर तोडगा होता, ‘बाळागोळी’. वाचकांनी गल्लत करू नये, बाळगुटी निराळी. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून चाटवतात ती गुटी आपण सर्वांनी चाखली आहे. बाळागोळी म्हणजे मोहरीएवढी गोळी, आणि तिच्या पोटात अफू. सकाळी दुधाबरोबर गोळी दिली की मूल दुपारपर्यंत निपचित. आईची पाळी निभे, म्हातारीला त्रास नाही, आणि चाळीतल्या बाया कौतुकाने म्हणत, ‘किती गुणाचं बाळ गं, रडणं म्हणून ठाऊक नाही!’

१९२० नंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरांना गिरणीकामगार बायकांची पाहणी करावयास नेमले. १९२२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनी लिहिले की, कामगार बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरांत अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते. अठ्ठ्याण्णव! म्हणजे ही एखाद्या बेजबाबदार आईची चूक नव्हती. ती चाळीची रीत होती.

अफूचे काम चालते कसे ते डॉक्टर समजावून सांगतात. तिने झोप येते, भूक मरते, आतडी सुस्तावतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आणि मात्रा वाढली तर श्वास मंदावतो. थोडी आणखी वाढली तर थांबतो. तान्ह्याच्या बाबतीत पुरेशी मात्रा आणि जास्त मात्रा यांत अंतर किती असणार? दुसरी गंमत, गंमत कसली, क्रूर थट्टाच, अशी की अंमल उतरू लागला की मूल किंचाळते. आईला वाटते भूक लागली, पोट दुखते. ती पुन्हा गोळी देते. मूल गप्प होते. गोळीनेच लावलेले दुखणे गोळीनेच थांबते, आणि आईची खात्री पटते की गोळी हेच औषध.

पणजीचा थोरला मुलगा, म्हणजे आजीचा सर्वांत मोठा भाऊ, सहा महिन्यांचा असताना असाच एके दिवशी झोपला. पणजी संध्याकाळी पाळी संपवून आली तेव्हा शेजारीण दारातच म्हणाली, ‘आज तर लई शहाण्यासारखं झोपलंय.’ आजी ही गोष्ट सांगताना एवढ्यावर थांबे. पुढचे कधी सांगत नसे. पुढे पणजीला चार मुले झाली. ती गिरणी सोडून नाशकात आली आणि एकाही मुलाला तिने गोळी लावली नाही. मूल फार वेळ झोपले की ती त्याला उठवून रडवीत असे, म्हणे.

बाळागोळी गेली ती नुसत्या उपदेशाने गेली नाही. गिरणीकामगारांच्या वस्तीतच, परळला, १९२६ मध्ये बाळंतिणींसाठी आणि १९२९ मध्ये मुलांसाठी वाडिया रुग्णालये उघडली. कामगार स्त्रीला बाळंतपणाची सवलत मिळावी यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे पाळणाघरे आली. १९३० च्या कायद्याने अफू-कोकेन आदींच्या व्यवहारावर बंधने आली. आईला मूल सांभाळायला सवड आणि माणूस मिळाले तेव्हा गोळीचे काम संपले. मला यातला बोध मोलाचा वाटतो. अंमली पदार्थ कुठल्या तरी रिकाम्या जागेत शिरतो. पुडी काढून घेतली आणि जागा रिकामीच राहिली, तर दुसरी पुडी येते.

आणि ती आलीच. अफूतून मॉर्फिन काढण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत साधली. मॉर्फिनपासून हेरॉईन झाले. १८९८ पासून एका जर्मन कंपनीने ते चक्क खोकल्याचे औषध म्हणून विकले. त्याच हेरॉईनचे गाळीव नसलेले, तपकिरी, भेसळीचे रूप १९८० च्या पुढेमागे मुंबईत अवतरले. इंग्रजीत ब्राऊन शुगर, आपल्याकडे ‘गर्द’. चंदेरी कागदावर भुकटी ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर नळीने ओढायचा. सुशिक्षित घरांतली मुले तिच्यात ओढली गेली. घरातला रेडिओ गेला, घड्याळ गेले, आजीची तांब्याची घागर गेली. आणि आईबाप मोलकरणीवर संशय घेत राहिले.

पुण्याचे लेखक डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून ‘गर्द’ लिहिले. ते लेखन वाचून अस्वस्थ झालेले पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले; आणि अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, ज्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या, त्यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हा आजार आहे, गुन्हा किंवा दुर्गुण एवढेच नव्हे, हे मराठी घरांना प्रथम ठसठशीतपणे कोणी सांगितले असेल तर या माणसांनी. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अंमली पदार्थांविषयीचा आजचा कडक कायदा झाला होता.

आता आपल्या अंगणात येऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एक कारखाना मुंबई पोलिसांनी धाड घालून पकडला. तिथे मेफेड्रोन, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एमडी’, तयार होत होते. पोलिसांनी पकडलेल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी सांगितली. नाशिककर हादरले. एकेकाळी माळव्याची अफू मुंबईकडे जाई. आता माल आमच्या वेशीवरच शिजत होता! या पदार्थाला शेत लागत नाही, पोस्त लागत नाही. रसायने आणि एक शेड पुरे. १९२९ सालीच तो प्रयोगशाळेत तयार झालेला, पण बाजारात आला या शतकात. आपल्या कायद्याच्या यादीत त्याचे नाव २०१५ मध्ये घातले गेले. तिकडे आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात झोपेच्या गोळ्यांना ‘कुत्ता गोळी’ असे नाव पडले आहे. नाव काहीही असो. शंभर वर्षांपूर्वीच्या गोळीचीच ही नातवंडे.

तर, लक्षणे कोणती? डॉक्टरांकडून आणि या आजारातून बाहेर आलेल्या माणसांकडून जे शिकलो ते सांगतो. पदार्थागणिक खुणा वेगळ्या. गर्द किंवा अफूच्या जातीचे काही असेल तर डुलक्या, बारीक झालेल्या बाहुल्या, अंग खाजवणे, बद्धकोष्ठ. आणि माल मिळाला नाही की जांभया, वाहते नाक-डोळे, अंगावर काटा, पोटात कळा. एमडीचे उलट. बाहुल्या मोठ्या, दोन-दोन रात्री झोप नाही, भूक नाही, जबडा आवळलेला, दात खाणे, बडबड, हाताला कंप; आणि मग एक-दोन दिवस मेल्यासारखी झोप व उदासी. गांजाने डोळे लाल होतात, वेळेचे भान जाते. घरात जळलेला चंदेरी कागद, रिकामी औषधाची पाकिटे, व्हाइटनरच्या बाटल्या सापडणे. न्हाणीघरात तास तास. उन्हाळ्यात लांब बाह्या. पैशांचा हिशेब न जुळणे. जुने मित्र एकाएकी तुटणे आणि नव्यांचे नावगाव न सांगणे.

पण यांतले कुठलेही एक लक्षण म्हणजे काहीच नव्हे. फुलबाजारातल्या मुलाने मला ते शिकवले. लाल डोळे जागरणाचे असतात, तुटक बोलणे वयाचे असते, दार लावून बसणे लाजेचे असते. पाहावयाचा असतो तो बदल. हे मूल काल जसे होते तसे आज नाही, आणि एका नव्हे, चार-पाच अंगांनी नाही. झोप, भूक, पैसा, सोबती, आवडीचे काम. हे ओळखायला कालचे मूल माहीत असावे लागते. आणि खरी अडचण तिथेच आहे.

तुटक्या रेघेच्या मुलाच्या बाबतीत यांतले सारे घडत होते. त्याच्या आईला दिसले की तो जेवत नाही. तिला वाटले दहावीची धास्ती. वडिलांना दिसले की पाकिटातल्या नोटा कमी होतात; त्यांना वाटले आपलाच विसरभोळेपणा. त्याचे सायंकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाणे वाढले. शेजाऱ्यांना वाटले मुलगा प्रकृतीची काळजी घेतो. मला दिसली त्याची रेघ. मी लिहिले, ‘घाई नको.’ चौघांच्या हातांत चार तुकडे होते. आम्ही चौघे एकदा एका खोलीत बसलो असतो तर चित्र पुरे झाले असते. पण आईबापांची सभा मी टाळली. कारण मला पूर्वीचा अपमान आठवत होता. मी मुलांना वर्गात सांगतो, ‘तांब्या तुम्हाला ठाऊक आहे तसा काढू नका, समोर दिसतो तसा काढा.’ आणि मी स्वतः दोन मुलांच्या बाबतीत मला ठाऊक होते तेच पाहिले.

कळल्यावर काय करावे, हेही मला विचारतात. मारहाण करू नये; कोंडून ठेवू नये; शपथा घालू नयेत. अंमल असताना वाद घालू नये. उतरल्यावर, शांतपणे, ‘मला हे हे दिसले, मला काळजी वाटते’ एवढे सांगावे आणि ऐकून घ्यावे. श्वास मंद झाला असेल, हलवूनही जाग येत नसेल तर झोपला आहे असे समजू नये. त्या क्षणी रुग्णालय गाठावे. एरवी मानसोपचार तज्ज्ञांकडे जावे. १४४४६ हा सरकारचा विनाशुल्क दूरध्वनी यासाठीच आहे. पोलिसांची भीती वाटते म्हणून पुष्कळ घरे दडवतात. स्वतःसाठी अल्प प्रमाणात घेणारा रोगी आपण होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम त्याच कडक कायद्यात आहे. आणि एका खेपेस बरे वाटून पुन्हा घसरण झाली तर हाय खाऊ नये. या आजाराचा तो स्वभाव आहे.

तो मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. दोनदा केंद्रात राहून आला. पहिल्यांदा आला तो चार महिन्यांत घसरला. आता चौदा महिने झाले आहेत. बोर्ड रंगवण्याचे काम शिकतो आहे. गेल्या आठवड्यात त्याची आई चकलीचे पीठ दळायला गिरणीत भेटली. मी विचारले, ‘कसा आहे?’

‘बरा आहे सर. जेवतो, कामाला जातो. रात्री दहाला झोपतो.’ मग पिठाचा डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाली, ‘झोपला की मी दोनदा उठते. जवळ जाऊन श्वास बघते. त्याला कळतं ते. तो डोळे मिटूनच म्हणतो, आई, आहे मी.’

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली आहे. ती वही मात्र मी बाहेर ठेवली. भाऊबीजेनंतर तो फराळाला येणार आहे. ती त्याला दाखवावी की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. पण त्या पानावरचा शेरा मात्र मी खोडून ठेवला आहे.